सरकारी दवाखाना आणि व्यापाऱ्याचा सदका

सरकारी दवाखाना सरकार चालवते, तिथे आपल्या पैशाचे काय काम, असा सवाल आम्ही आपल्या व्यापारी बांधवांकडून नेहमी ऐकतो. त्याचा जवाब मुंबईच्या जे. जे. इस्पितळात आहे. व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ मध्ये त्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. मात्र सरकारनेही तेवढीच रक्कम घालावी, अशी अट ठेवली. १८४५ मध्ये इस्पितळ सुरू झाले. दान दिले, पण सरकारला जबाबदारीतून मोकळे केले नाही.

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तरी कोडोलीचा रुग्ण मोठ्या दुखण्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआरला पाठवला, की एस.टी.चे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण, बाहेरून आणायचे औषध आणि बुडालेली मजुरी हा खर्च उरतोच. शिंपी, गवंडी, हमाल यांचे घर इथेच मोडते. आपल्या दानाची खरी जागा ही आहे.

पैसा कोणता द्यावा, हेही पाहावे. हनफी मसल्यानुसार जकातीत गरजू मुसलमानाला रकमेचा मालक करावे लागते. म्हणून भाडे वा औषधाचे पैसे त्याच्याच हाती द्यावेत. इमारत, खाट, यंत्र जकातीतून चालत नाही. त्यासाठी नफील सदका आहे, आणि तो कोणत्याही धर्माच्या रुग्णाला पोहोचतो. वस्तू दिली तर रुग्ण कल्याण समितीची पावती घ्यावी.

आणि औषध विकत घेऊन दिले, तरी ते साठ्यात का नव्हते, याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. कर आपणही भरतो.