कोलेस्टेरॉल वाढले, लघवी तपासली का?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की आपल्या घरात पहिली कुऱ्हाड तेल, अंडी आणि गोश्तावर पडते. पथ्य चांगलेच, पण सकाळी डोळ्यांभोवती सूज, पायावर बोट दाबले की खळगा आणि लघवीला न विरणारा फेस अशी लक्षणे सोबत असतील, तर मूत्रपिंड तपासायलाच हवे.

अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन रक्तातील पाणी धरून ठेवते. निरोगी माणसात ते दर डेसिलिटरला साधारण ३.५ ते ५ ग्रॅम असते. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की ते लघवीवाटे गळते. मोठ्या माणसात ही गळती दिवसाला ३.५ ग्रॅमहून जास्त झाली, रक्तातील अल्ब्युमिन उतरले आणि सूज आली, तर त्याला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात.

मग चरबी का वाढते? तूट भरून काढण्यासाठी यकृत जोमाने कामाला लागते आणि अल्ब्युमिनसोबत चरबी वाहून नेणारे कणही जास्त बनवते. अल्ब्युमिन लहान, ते गळून जाते. चरबीचे कण मोठे, ते रक्तातच साचतात. शिवाय रक्तातील चरबी उचलण्याचे कामही मंदावते. काही मोजक्या लोकांच्या रक्तात जन्मतःच अल्ब्युमिन जवळजवळ नसते. त्यांचे मूत्रपिंड ठणठणीत असते, तरी कोलेस्टेरॉल वाढलेले आढळते.

म्हणून मुख्य इलाज गळती थांबवण्याचा. लहान मुलांत बहुतेकांना प्रेडनिसोलोनने गुण येतो. अल्ब्युमिन चढते, तसे कोलेस्टेरॉलही हळूहळू उतरते. मोठ्यांत मधुमेहासह अनेक कारणे असतात, कधी मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासावा लागतो. आजार लांबला तर डॉक्टर कोलेस्टेरॉलची गोळीही देतात. सूज उतरली म्हणून औषध मनाने बंद करू नये. या आजारात रक्ताच्या गुठळ्या आणि जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. एकाच पायाला अचानक सूज, धाप किंवा ताप आला तर थांबू नये.

जेवणात मीठ, लोणचे, पापड कमी करा. प्रथिने बंद करू नका आणि भरपाई म्हणून अंड्यांचा माराही करू नका. जास्त खाल्ले तरी गळती चालूच राहते. रमजानात आजाऱ्याला सवलत आहे. रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

वरठी आणि आसपासच्या वाचकांना आम्ही एवढेच सांगू : लघवीतील प्रथिनांची तपासणी साधी व स्वस्त आहे, ती भंडाऱ्यातच करून घ्या. दोष निघाला तर आपल्या गावातल्या भंडारा रोड स्थानकावरून नागपूरला रेल्वे जाते. तिथल्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मूत्रपिंडविकार विभाग आहे. जाताना जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या. घरच्या आजाऱ्याचे ताट रिकामे करण्याआधी ही एक तपासणी जरूर करा.