मागून बँकर हवा

गेल्या वर्षीच्या, म्हणजे 2025 च्या जूनमधली संध्याकाळ. इगतपुरीत पाऊस असा लागला होता की समोरचा डोंगर आहे की नाही, तेही कळत नव्हतं. भाचा माझ्या मोबाइलवर रग्बी बघत होता. शाळेच्या कबड्डी संघात तो डावा कोपरा सांभाळतो. थोडा वेळ गप्प बसून बघितल्यावर म्हणाला, "मामा, धावायचंय पुढे, मग बॉल मागे का टाकतायत?"

आमच्या गावात या प्रश्नाचं उत्तर रुळांवर आहे. कसाऱ्याहून थळ घाट चढताना दर 37 फुटांना एक फूट चढ. पुढच्या इंजिनाला तो एकट्यानं झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला मागे जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात आणि गाडी वर रेटत आणतात. 1865 मध्ये हा घाटमार्ग सुरू झाला. इंजिनं बदलली, चढ तोच राहिला. रग्बीतही तसंच. हातानं चेंडू पुढे टाकायला मनाई आहे. चेंडू घेऊन धावणारा पुढे, बाकी सगळे मागे. तो अडला की चेंडू मागच्याकडे. मागे कोणी नसेल, तर धावणारा कितीही तगडा असो, तिथेच संपतो.

आम्ही बघत होतो ती रग्बी प्रीमियर लीग, भारतातली पहिली व्यावसायिक रग्बी लीग. 15 ते 29 जून, सगळे सामने अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात. मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि कलिंग असे सहा संघ. खेळ पंधरा जणांचा नाही, सात जणांचा. 2016 पासून ऑलिम्पिकमध्ये असतो तो. तिथे सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. इथे त्याचे चार-चार मिनिटांचे चार तुकडे केले, कारण मध्ये जाहिरातीला जागा लागते. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. कबड्डीही मातीवरून मॅटवर आली, तिची चढाई तीस सेकंदांत बांधली गेली, तेव्हाच टीव्हीवर टिकली.

मैदान मात्र पुऱ्या मापाचं, साधारण शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद. त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चौदाच जण. मोकळी जागा इतकी की एक पकड चुकली की समोरचा थेट गोलरेषेपलीकडे जाऊन चेंडू टेकवतो. त्याचे पाच गुण, वर किक बसली तर दोन. भाच्याला हे पटकन कळलं, कारण पकड त्याच्या हाडात आहे. घोटा, मांडी, कंबर ही त्याची रोजची भाषा. पण एका जागी तो अडखळला. कबड्डीत पकडलेला सोडायचा नसतो. जीव गेला तरी चालेल, पण पट सुटता कामा नये. रग्बीत उलट. माणूस खाली पाडला की पाडणाऱ्यानं त्याला लगेच सोडायचं, आणि पडलेल्यानंही चेंडू सोडायचा. "पकडून सोडायचं? मग पकडायचं कशाला?" मला वाटतं, कबड्डीतून रग्बीत जाणाऱ्या पोराला धावणं शिकवावं लागणार नाही. ही सोडण्याची सवय लावताना मात्र प्रशिक्षकाला घाम फुटेल.

आता पैशाचं. प्रत्येक संघात तेरा खेळाडू: पाच नामांकित परदेशी, तीन हाँगकाँग-जर्मनीसारख्या मधल्या फळीतल्या देशांचे आणि पाच भारतीय. सहा संघांचे मिळून तीस भारतीय. एवढ्या मोठ्या देशात तीस जागा, त्याही दोन आठवड्यांच्या, आणि त्यांतली सर्वांत मोठी बोली पावणेपाच लाखांची. क्रिकेटशी तुलना करण्यात अर्थ नाही, कबड्डीशी करू. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा राकेश कुमारवर 12 लाख 80 हजारांची बोली लागली होती. 2018 मध्ये खेळाडू कोटीच्या पार गेले. रग्बीचंही तसंच होईल, असं मांडणारे भेटतात. मला हा हिशेब पटत नाही.

कबड्डीची लीग सगळ्यांत शेवटी आली. त्याआधी लालबाग-परळची मंडळं होती, गल्लीतले सामने होते, बँका, रेल्वे, पोलीस यांचे संघ होते. चांगल्या चढाईवर नोकरी लागायची आणि नोकरी लागली की मुलगी मिळायची. मागे एवढे बँकर होते, म्हणून गाडी घाट चढली. रग्बीत पुढचं इंजिन आधी आलंय.

तसं रग्बी भारतात नवीन नाही. 1873 मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला, पाच वर्षांत खेळायला माणसंच उरली नाहीत. सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले, त्यांचा चषक घडवला आणि इंग्लंडला पाठवून दिला. कोब्रा नागांच्या कड्या आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता कपासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही झुंजतात. मुंबईत हा खेळ बॉम्बे जिमखान्यानं जगवला, तोही पावसाळ्यात, क्रिकेटची खेळपट्टी झाकलेली असताना. भारताचा राष्ट्रीय संघ मैदानात उतरायला 1998 उजाडलं. त्या संघातला एक खेळाडू, अभिनेता राहुल बोस, आता रग्बी इंडियाचा अध्यक्ष आहे.

जिमखान्याच्या कुंपणाबाहेर खेळ वाढला तो ओडिशात, आदिवासी मुलांच्या कलिंग संस्थेत. हरियाणात आणि बिहारमध्ये. बिहारनं तर पदक आणणाऱ्याला सरकारी नोकरी देण्याची योजनाच काढली. म्हणजे बँकर जोडला. मुलींचं तर आणखी पुढे आहे. 2019 मध्ये मनिला इथे भारतीय महिलांनी सिंगापूरला 21-19 असं हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. पुण्याच्या फिजिओथेरपिस्ट वाहबिझ भरूचा यांनी या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व केलेलं आहे. आणि 2025 ची लीग? फक्त पुरुषांची होती. हे मला खटकलं.

आमच्या नाशिक जिल्ह्यात धावणारी पोरं कमी नाहीत; सावरपाड्याची कविता राऊत इथलीच. इगतपुरीत चार महिने जमीन भिजलेली असते, पडलं तरी लागत नाही. रग्बीला याहून काय हवं?

अंतिम सामन्यात चेन्नईनं दिल्लीला 41-0 असं धुतलं. भाच्यानं दुसऱ्या दिवशी चेंडूचा धोशा लावला, म्हणून त्याला घेऊन नाशिकला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं आधी फुटबॉल काढला, मग हँडबॉल. लांबट, अंड्यासारखा, असं हातानं दाखवल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"रग्बीचा होय! मागवावा लागेल, काका. किती पाहिजेत?"

"एक."

"एकासाठी कुठे मागवू? टीम आहे का तुमची?"

भाच्यानं माझ्याकडे बघितलं.