डोळे निकोप, तरीही नजर दुहेरी

चष्म्याचा क्रमांक बरोबर आहे, मोतीबिंदू नाही, दृष्टिपटलही निरोगी आहे. तरीही समोरच्या एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, किंवा वाचताना ओळ सुटते. अशा तक्रारीचे मूळ काही वेळा डोळ्यांत नसून, डोळ्यांना चालविणाऱ्या मेंदूतील मार्गांत असते. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात असे अनेकदा घडते. तो समजून घेणे रुग्णाइतकेच त्याच्या कुटुंबीयांच्या व सहकाऱ्यांच्याही हिताचे आहे.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस देस्ते याने आपल्या आजाराची दैनंदिनी लिहून ठेवली आहे. १८२२ मध्ये त्याची दृष्टी अचानक अंधुक झाली आणि काही काळाने उपचारांवाचून सुधारली. १८२७ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे असताना त्याला प्रत्येक वस्तू दुहेरी दिसू लागली. पित्तप्रकोपाचे निदान करून वैद्यांनी त्याच्या कानशिलांना जळवा लावल्या, रेचके दिली. पुढे नजर पूर्ववत झाली आणि श्रेय अर्थातच उपचारांना मिळाले. परंतु आजार गेला नव्हता. नंतरच्या वर्षांत पायांतील बळ कमी होत गेले आणि १८४८ मध्ये देस्तेचे निधन झाले. त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस असावा, असे आजचे वैद्यकतज्ज्ञ मानतात. त्याच्या हयातीत या विकाराला नावही नव्हते. पॅरिस येथील जाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे व्यवस्थित वर्णन केले आणि त्याच्या प्रमुख लक्षणांत डोळ्यांच्या अनैच्छिक कंपनाचा समावेश केला.

या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मेंदूवर व मज्जारज्जूवर आघात करते. विजेच्या तारेवर जसे संरक्षक वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण असते. ते ठिकठिकाणी नष्ट झाले की संदेश मंदावतात किंवा वाटेतच थांबतात. विकाराची सुरुवात बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंतच्या वयात होते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे.

आता डोळ्यांकडे वळू. प्रत्येक डोळ्याला हलविणारे सहा स्नायू असतात. दोन्ही डोळे एकाच क्षणी एकाच बिंदूवर वळले, तरच मेंदूला एकसंध चित्र मिळते. आपण उजवीकडे पाहतो, तेव्हा उजवा डोळा बाहेरच्या बाजूस आणि डावा डोळा नाकाकडे वळला पाहिजे. बाहेर वळण्याची आज्ञा मेंदूच्या देठासारख्या भागातील एका केंद्रातून निघते. तिचीच सूचना एका अरुंद तंतुमार्गाने दुसऱ्या डोळ्याच्या केंद्राकडे जाते. आपल्या परिचयाचा दृष्टान्त द्यायचा, तर एका शाखेत नोंद झाली की दुसऱ्या शाखेस सूचना तत्काळ मिळावी लागते. सूचना उशिरा पोहोचली, तर दोन्ही शाखांत कर्मचारी कार्यक्षम असूनही हिशेब जुळत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये या तंतुमार्गाचे आवरण वारंवार बाधित होते. परिणामी एक डोळा तत्परतेने बाहेर वळतो, पण दुसरा नाकाकडे वळताना मागे रेंगाळतो किंवा पोहोचतच नाही. बाहेर वळलेला डोळाही पुष्कळदा थरथरतो. विशेष म्हणजे हाच रेंगाळणारा डोळा जवळची वस्तू पाहताना अनेक रुग्णांत व्यवस्थित नाकाकडे वळतो. कारण ती आज्ञा निराळ्या मार्गाने येते. स्नायू दुबळा नसून निरोप अडला आहे, याचा हा बोलका पुरावा होय. तरुण व्यक्तीत हा दोष दोन्ही बाजूंना आढळल्यास डॉक्टर प्रथम या विकाराची शंका घेतात. उतारवयात मात्र पक्षाघातासारखे कारण अधिक संभवते.

दुसरा त्रास डोळ्यांच्या सततच्या कंपनाचा. त्यामुळे स्थिर वस्तूही डोलत असल्यासारख्या भासतात. तिसरा त्रास नजरेच्या उड्यांचा. वाचताना आपली नजर ओळीवरून सरकत नाही. ती एका शब्दसमूहावरून दुसऱ्यावर झेप घेते. ही झेप आखूड किंवा लांब पडली की ओळ चुकते, आकड्यांचा रकाना बदलतो. दृष्टिचेतेचा दाह हा याच विकारातील आणखी एक त्रास. परंतु त्यात दृष्टीच अंधुक होते आणि डोळा हलविताना वेदना होते.

यातील सौम्य दोष नेहमीच्या नेत्रतपासणीत निसटू शकतात. तक्त्यावरील अक्षरे स्थिर असतात आणि रुग्ण ती एकेका डोळ्याने अचूक वाचतो. मग ‘डोळे उत्तम आहेत’ असे सांगितले जाते आणि तक्रार मनाचा खेळ ठरते. त्यातच उष्ण हवा, ताप वा श्रम यांनी शरीराचे तापमान वाढले की लक्षणे बळावतात व गारव्यात ओसरतात. सकाळी नीट वाचणारी व्यक्ती दुपारी अडखळते, तेव्हा भोवतालच्यांचा विश्वास उडतो. वास्तविक आवरण गमावलेल्या तंतूंतून उष्णतेत संदेश अधिकच अडतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

घरच्या घरी एक साधी पाहणी करता येते. दुहेरी दिसत असता आळीपाळीने एकेक डोळा झाकावा. कोणताही डोळा झाकला असता दुहेरीपणा नाहीसा होत असेल, तर दोष दोन डोळ्यांच्या मेळात आहे. एकच डोळा उघडा असतानाही तो टिकत असेल, तर कारण बहुधा त्या डोळ्यातच असते. मात्र ही पाहणी म्हणजे निदान नव्हे. अचानक उद्भवलेला दुहेरीपणा मधुमेहामुळे किंवा पक्षाघातामुळेही असू शकतो; म्हणून कोणत्याही वयात विनाविलंब डॉक्टरांकडे जावे आणि तोवर वाहन चालवू नये. देस्तेप्रमाणे त्रास आपोआप थांबला, तरीही तपासणी टाळू नये.

निदानासाठी मज्जाविकारतज्ज्ञांची तपासणी व एम. आर. आय. उपयुक्त ठरतात. तीव्र झटक्यात काही दिवस शिरेवाटे स्टेरॉईड देऊन सुधारणेला वेग देता येतो. झटक्यांची संख्या कमी करणारी औषधे १९९३ पासून उपलब्ध होत गेली असून आज त्यांत पुष्कळ पर्याय आहेत. कंपनासाठी काही औषधे, तर दुहेरी दृष्टीसाठी चष्म्यात विशिष्ट लोलक किंवा एका डोळ्यावर पट्टी, असे उपाय डॉक्टर सुचवितात.

भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश केला आहे. परंतु कायद्याच्या अगोदर उपयोगी पडते ती माणसाची समज. काउंटरपुढील तरुण ग्राहक अर्जातील रकाना पुनःपुन्हा चुकवीत असेल, अथवा शेजारचा सहकारी दुपारनंतर आकडे जुळवताना थकत असेल, तर त्याला निष्काळजी ठरविण्यापूर्वी क्षणभर थांबावे. मोठ्या अक्षरांतील छापील प्रत, ओळीखाली धरलेली पट्टी, पंख्याखालची जागा, थोडा अधिक वेळ या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. ज्याचा त्रास इतरांना दिसत नाही, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हे त्याचे पहिले साहाय्य होय.