लोणारचे झाकण

लोणारची गोष्ट आमच्या भागात प्रत्येकाने आपल्या आजीकडून ऐकलेली असते. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात राहायचा आणि वर भले मोठे झाकण ओढून घ्यायचा. विष्णूने कुमाराचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याने ते झाकण भिरकावून दिले आणि दैत्याला ठार केले. त्याच्या रक्ताने विवर भरले.

दहावीत असताना मी आजीला ऐटीत सांगितले, "आजी, हे सगळं खोटं आहे. तिथं उल्का पडली होती." आजीने शाळेचे तोंड पाहिलेले नाही, आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. ती शांतपणे म्हणाली, "पडली असन बाबू. पण तू पाह्यली का पडताना?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कोणीच पाहिली नाही, मग कळले कसे? यंदा ग्रंथालयात त्याचा थोडा पाठपुरावा केला, तेव्हा एकेक नवल हाती लागले.

पहिले नवल असे की शास्त्रज्ञांनाही ते फार उशिरा कळले. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. पुढची दीडशे वर्षे बहुतेक अभ्यासक 'हे ज्वालामुखीचे तोंड' असेच धरून चालले होते. त्यांचेही काही चुकले म्हणवत नाही. दख्खनचे सारे पठारच लाव्हारसाचे. काळ्या दगडात गोल खड्डा दिसला की कोणालाही ज्वालामुखीच आठवणार. १८९६ मध्ये गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातल्या विवराचे लोणारशी साम्य ओळखले. साम्य खरे होते, पण मौज अशी की त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष नेमका उलटा होता : लोणार ज्वालामुखीचे, म्हणून आमचेही तसलेच! आज ती दोन्ही विवरे आघातानेच झालेली मानली जातात.

निकाल लागला १९७३ साली. भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळाला भोके पाडून खालचा दगड वर काढला. त्यात मॅस्केलिनाइट सापडले. दगडातल्या फेल्डस्पार या खनिजाला प्रचंड धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखे होते, तेच हे मॅस्केलिनाइट. ज्वालामुखी दगड वितळवील, पण असा ठोसा मारणे त्याला जमत नाही. आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. पडताना कोणी पाहिले नाही, पण दगडाने मार खाल्ला आणि त्याचा वळ अंगावर जपून ठेवला. चंद्रावरची काळी मैदाने अशाच बेसाल्ट दगडाची असल्यामुळे तिथली विवरे समजून घ्यायला आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला हा पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा उपयोगी पडतो.

वयाचा घोळ मात्र अजून आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे भरते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मापनाने सुमारे ५,७०,००० वर्षे. दहा पटींहून अधिक फरक! हे वाचल्यावर दहावीतल्या माझ्या ऐटीची मला थोडी लाजच वाटली.

जाता जाता भाषेतली एक गंमत. लवण म्हणजे मीठ. त्यापासून 'लोण', आणि लोणार, लोणचे ही सगळी त्याच कुळातली. लोणीही त्यातलेच असणार असे मी खुशाल धरून चाललो होतो, पण लोणी आले नवनीतापासून. नुसत्या तोंडवळ्यावर गेले की फसगत होते. गिल्बर्टची झाली तशीच! लोणारच्या खाराची ख्याती मात्र जुनी आहे. काच आणि साबण यांना लागणारा माल इथे मिळतो, असे 'ऐन-इ-अकबरी'तही नमूद आहे.

मग २०२० चा जून उजाडला आणि तळ्याचे पाणी गुलाबी झाले. गावातल्या एका मुलाच्या मोबाईलवर आजीने तो फोटो पाहिला आणि माझ्याकडे नुसते बघितले. दैत्याचे रक्त! पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला, तेव्हा मिठात तगणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि हा रंग त्यांचाच होता. पुढे ते तळाशी बसले आणि रंगही गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले.

गेल्या दिवाळीत आजीला लोणारला नेले. दैत्यसूदनाच्या मंदिराभोवती तिने सावकाश प्रदक्षिणा घातली. चांदणीसारख्या कोनांनी वळत जाणारी भिंत आणि तिच्यावर दाटीने कोरलेल्या मूर्ती ती हाताने चाचपत होती. मग काठावर बसून तिने विचारले, "एवढं झाकण उडालं, तं पडलं कुठं?"

याचे उत्तर मला ठाऊक होते. आघाताने उडालेले दगड नि माती काठाबाहेर साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत चहूकडे पसरलेली आहे. मी म्हणालो, "आजी, आपण त्याच्यावरच बसलोय."

आजीने लुगडे सावरले आणि जरा बाजूला सरकून बसली.