टस्कलूसाचे बंधू आणि ॲलाबामाचे राज्य

अमेरिकेच्या दक्षिणेकडील ॲलाबामा राज्यातून सिनेटवर गेलेल्या आणि त्या राज्याच्या गव्हर्नरपदी बसलेल्या माणसांची चरित्रे चाळू लागले, म्हणजे त्यांतील कित्येकांच्या आरंभीच्या पानावर एकच ओळ आढळते: टस्कलूसा येथील राज्य विद्यापीठात विद्यार्थी शासन-मंडळाचे अध्यक्ष. लिस्टर हिल हे या मंडळाचे पहिले अध्यक्ष. ते १९३८ पासून १९६९ पर्यंत सिनेटर होते. जॉन स्पार्कमन हेही एके काळचे अध्यक्ष. ते १९४६ पासून १९७९ पर्यंत सिनेटमध्ये होते आणि १९५२ साली ॲडलाय स्टीव्हन्सन यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले होते. डॉन सीगलमन हे १९९९ मध्ये गव्हर्नर झाले. तेही १९६८ च्या सुमाराचे अध्यक्षच. आणि ॲलाबामातून सिनेटवर निवडून आलेल्या पहिल्या महिला केटी ब्रिट या २००३ साली त्याच खुर्चीवर निवडून आल्या होत्या. त्यांनी सिनेटची शपथ घेतली ती २०२३ च्या जानेवारीत.

एखाद्या विद्यापीठाने राज्याला पुढारी पुरवावेत यात वावगे काहीच नाही. ऑक्सफर्डने ब्रिटनला पंतप्रधान पुरविले आणि त्याचा त्या देशाला अभिमानच वाटत आला. परंतु टस्कलूसाची गोष्ट निराळी आहे, आणि ती निराळी का आहे हे नीट समजून घेण्यासारखे आहे. तेथील अध्यक्षपद विद्यार्थ्यांच्या मतांनी मिळते हे खरे; परंतु ती मते कोणाच्या पारड्यात पडावयाची याचा निर्णय मतदानापूर्वी कितीतरी आधी, एका बंद खोलीत झालेला असतो. ज्या गुप्त मंडळीत तो होतो तिला तेथील विद्यार्थी ‘मशीन’ म्हणतात.

आमच्या वाचकांना फ्रॅटर्निटी हा प्रकार ऐकून माहीत असेल. अमेरिकन विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी ही बंधुमंडळे असतात. त्यांचे स्वतःचे वाडे असतात, जेवणघरे असतात, दीक्षाविधी असतात. मुलींची तशीच भगिनीमंडळे असतात, त्यांस सोरॉरिटी म्हणतात. आपल्याकडील जातवार बोर्डिंगांची कोणास यावरून आठवण होईल. परंतु ते साम्य निवासापुरतेच. आपल्याकडची बोर्डिंगे, निदान आरंभी, ज्यांना शहरात थारा नव्हता अशा मुलांसाठी निघाली. तेथील वाडे ज्यांना थारा आधीच होता त्यांच्यासाठी उभे राहिले. टस्कलूसाच्या विद्यापीठात आज पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश या मंडळांचे सभासद आहेत, आणि हे प्रमाण अमेरिकेत फार मोठे समजले जाते.

या मंडळांतील जुन्या, गोऱ्या मंडळांच्या प्रतिनिधींची एक गुप्त संघटना म्हणजे हे ‘मशीन’. तिचे मूळ नाव थीटा न्यू एप्सिलॉन. या नावाची सभा १८७० साली कनेटिकटमधील वेस्लियन विद्यापीठात स्थापन झाली व तेथून तिच्या शाखा अन्यत्र पसरल्या. इतरत्र त्या बहुतेक विझून गेल्या. टस्कलूसाची शाखा तेवढी टिकली, आणि तिला काम मिळाले ते १९१४ च्या सुमारास विद्यार्थी शासन-मंडळ निघाल्यावर. लिस्टर हिल यांनाच या ‘मशीन’चे जनक मानण्याची तेथे परंपरा आहे. कामाची रीत साधी आहे. प्रतिनिधी गुप्तपणे जमतात, उमेदवार ठरवितात, आणि प्रत्येक वाड्यातून सर्व मते त्यालाच पडतील अशी तजवीज करतात. मत न देणाऱ्या सभासदाला वाड्यातील सोयीसवलतींना मुकावे लागते असे माजी सभासदांनीच वेळोवेळी सांगितले आहे. इतर विद्यार्थी बहुधा निवडणुकीकडे फिरकत नाहीत. तेव्हा एकतृतीयांशांतील शिस्तबद्ध मते उरलेल्या दोनतृतीयांशांच्या आळसावर सहज मात करतात.

हे गणित नीट ध्यानात घ्यावे. कारण ते विद्यापीठाच्या आवारापुरते नव्हते. १९०१ साली ॲलाबामाने जी राज्यघटना केली तिचा उघड हेतू मतदारांची संख्या कमी करणे हा होता. मतकर, साक्षरतेच्या परीक्षा, मालमत्तेच्या अटी अशा नाना युक्त्या तिच्यात होत्या. मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय पुरुष त्या राज्यात तेव्हा १ लाख ८० हजारांहून अधिक होते. घटना अमलात आल्यानंतर मतदारयादीत त्यांच्यापैकी ३ हजारसुद्धा उरले नाहीत. गरीब गोरेही पुष्कळ गळाले. ज्या राज्यात मतदार थोडे, त्या राज्यात थोड्यांचा जथा पुरतो. आवाराबाहेर जे कायद्याने साधले होते तेच आवारात उदासीनतेने साधत होते. आणि विसाव्या वर्षी ‘मशीन’च्या बैठकीत बसलेला तरुण तिसाव्या वर्षी राज्याच्या राजकारणात उतरला तर त्याला तेथे नवे असे काही शिकावे लागत नव्हते. या शाळेचे सामर्थ्य आम्हांस यातच दिसते. तिने शिष्यांना मने वळविण्याची विद्या दिली नाही, कारण तिला तिची गरजच नव्हती.

याचा अर्थ या शाळेतून बाहेर पडलेले सारे नादान होते असा मात्र नव्हे, आणि येथे घाईने निकाल देणे अन्यायाचे होईल. हिल यांचे वडील माँगमरीचे नामांकित शल्यवैद्य. धडधडत्या हृदयाला टाके घालण्याची अमेरिकेतील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९०२ साली त्यांनीच केली आणि मुलाचे नाव त्यांनी जोसेफ लिस्टरवरून ठेवले होते. या मुलाने पुढे १९४६ साली हिल-बर्टन कायदा संमत करून घेतला आणि त्याच्या साहाय्याने अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून रुग्णालये उभी राहिली. स्पार्कमन तर खंडकऱ्याचा मुलगा. विद्यापीठाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला. तेव्हा वाड्यांची दारे गरिबाला अगदीच बंद होती असेही म्हणता येणार नाही. पण शाळांतील वर्णभेद नष्ट करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला आणि १९५६ साली दक्षिणेच्या प्रतिनिधींनी त्याविरुद्ध जाहीरनामा काढला, तेव्हा त्यावर हिल आणि स्पार्कमन या दोघांच्याही सह्या होत्या. रुग्णालये बांधणाऱ्या या उदार गृहस्थाला आपल्या मूळ मतदारसंघाची, म्हणजे थोड्या आणि गोऱ्या मतदारसंघाची, चौकट ओलांडता आली नाही.

परंतु आमच्या मते ‘मशीन’चा खरा हिशेब मांडावयाचा असेल, तर तिने निवडून आणलेल्यांपेक्षा तिने पाडलेल्यांकडे आणि तिच्याशी झगडलेल्यांकडे पाहिले पाहिजे. अशी दोन माणसे ॲलाबामाच्या इतिहासात ठळक आहेत.

पहिले कार्ल एलियट. हे १९३० साली वयाच्या सोळाव्या वर्षी टस्कलूसाला आले तेव्हा त्यांच्या खिशात २ डॉलर ३८ सेंट होते. ते कोणत्याही वाड्यात गेले नाहीत. अपमान गिळीत, मिळेल ते काम करीत त्यांनी वाड्यांबाहेरच्या मुलांना एकत्र केले आणि ‘मशीन’ला हरवून ते अध्यक्ष झाले. १९४९ ते १९६५ या काळात ते प्रतिनिधिगृहात होते. १९५८ सालचा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा, ज्याने लाखो गरीब विद्यार्थ्यांना स्वल्प व्याजाने कर्जे दिली, तो हिल आणि एलियट या दोघांचा! आत असलेला आणि बाहेर राहिलेला असे दोघे एका कामासाठी एकत्र आले, हे या कथेतील सर्वांत सुखद पान होय. १९५६ च्या त्या जाहीरनाम्यावर एलियट यांचीही सही आहे, हे लपवून चालणार नाही. पण पुढे राज्यात वर्णद्वेषाची लाट उसळली तेव्हा ते तिच्यावर स्वार झाले नाहीत. १९६४ मध्ये त्यांची जागा गेली. १९६६ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभे राहून ते पराभूत झाले, त्या निवडणुकीपायी निवृत्तिवेतनही गमावून बसले आणि उरलेले आयुष्य कर्जात काढले. १९९० साली केनेडींच्या नावाने दिला जाणारा धैर्याचा पहिला पुरस्कार त्यांना मिळाला.

दुसरे जॉर्ज वॉलेस. बार्बर काउंटीतील क्लायो या लहानशा गावातून १९३७ साली हेही तितक्याच रिकाम्या खिशाने टस्कलूसाला आले. जेवणघरात वाढपी झाले, टॅक्सी चालविली, मुष्टियुद्धे केली. पहिल्या वर्षाच्या वर्गाचे अध्यक्षपद त्यांनी वाड्यांच्या उमेदवाराला हरवून मिळविले. पण त्यानंतर वाड्यांनी त्यांना आवारात पुन्हा डोके वर काढू दिले नाही. १९५८ मध्ये गव्हर्नरपदाची पहिली निवडणूक ते हरले, आणि त्यानंतर त्यांनी वर्णद्वेषाचा झेंडा खांद्यावर घेतला. ११ जून १९६३ रोजी, व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून, ते गव्हर्नर या नात्याने त्याच विद्यापीठाच्या फॉस्टर सभागृहाच्या दारात उभे राहिले. ज्याला वाड्यांनी दाराबाहेर ठेवले होते, तो दुसऱ्याचे दार अडवून उभा! एलियट यांना ज्या लाटेने बुडविले तीही वॉलेस यांचीच होती.

दोघेही एकाच उंबरठ्यावरून परतविलेले. एकाने दार सर्वांसाठी रुंद करण्याचा प्रयत्न केला, दुसऱ्याने आपल्याहून दुबळ्यांसाठी ते लावून घेतले. वगळलेला माणूस वगळलेल्यांची बाजू घेईलच असे धरून चालणारे पुष्कळ भाबडे सुधारक आपल्याला भेटतात; त्यांनी वॉलेस यांचे चरित्र अवश्य वाचावे. मात्र एवढ्यावरून ‘मशीन’ची जबाबदारी सरत नाही. बंद बैठकीतून चालणारे राजकारण बाहेरच्या माणसाला चीड देते, आणि ती चीड कोणत्या दिशेला जाईल यावर मग कोणाचाच ताबा राहत नाही.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. तसे ते नाही. १९७६ साली क्लिओफस टॉमस हे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी-अध्यक्ष झाले, आणि त्यानंतर दुसरा यावयास २०१५ साल उजाडावे लागले. १९८६ साली जॉन मेरिल या बाहेरच्या उमेदवाराने ‘मशीन’ला हरविले होते, पुढे तेच राज्याचे सचिव, म्हणजे तेथील निवडणुकांचे प्रमुख अधिकारी, झाले हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. १९९३ मध्ये ‘मशीन’विरुद्ध उभ्या राहिलेल्या एका विद्यार्थिनीवर तिच्या राहत्या घरी हल्ला झाला आणि विद्यापीठाने शासन-मंडळच कित्येक वर्षे बंद ठेवले. २०१३ च्या सप्टेंबरात ‘क्रिमसन व्हाइट’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने गोऱ्या सोरॉरिटींनी एका गुणी कृष्णवर्णीय मुलीला केवळ वर्णामुळे नाकारल्याचे छापले, तेव्हा कोठे ती दारे किलकिली झाली. हे ज्यांनी छापले तेही विद्यार्थीच होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. विद्यापीठाच्या वरिष्ठांना जे वर्षानुवर्षे दिसत नव्हते ते त्यांना दिसले.

सीगलमन यांना २००६ मध्ये लाचलुचपतीच्या खटल्यात शिक्षा झाली आणि तो खटला राजकीय हेतूने झाला की काय याबद्दल तेथे अद्याप वाद आहे. ते लिस्टर हिल यांच्याच डेल्टा कॅपा एप्सिलॉन या वाड्यातले. पण त्यांच्या शिक्षेचा वाड्याशी संबंध जोडणे गैर होईल आणि आम्ही तो जोडीत नाही. आमचा आक्षेप व्यक्तींच्या सचोटीवर नाही. ज्या रीतीने त्या व्यक्ती निवडल्या जातात तिच्यावर आहे, आणि ती रीत आवाराबाहेर कशी येते याचा पुरावा २०१३ च्याच ऑगस्टमध्ये मिळाला.

त्या महिन्यात टस्कलूसा शहराच्या शाळा-मंडळाची निवडणूक होती. विद्यापीठाच्या वॉर्डात शाळा-मंडळाच्या विद्यमान सदस्य महिलेविरुद्ध विद्यार्थी शासन-मंडळाचा एक माजी अध्यक्ष उभा होता. भगिनीमंडळांतून मुलींना पत्रे गेली: मत द्या, मोटारी तयार आहेत, मद्यगृहात फुकट पेय मिळेल. मतमोजणीत माजी अध्यक्षाला ४१६ व प्रतिस्पर्धी महिलेला ३२९ मते पडली. म्हणजे फरक ८७ मतांचा. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या शाळांचा कारभार त्या दिवशी ठरला त्यांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आहेत. आणि मोटारीतून मतदानाला आलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण पदवी घेऊन शहर सोडणार होते. त्या शाळांत त्यांचे कोणीही शिकत नव्हते.

विद्यापीठाने या संघटनेला कधी मान्यता दिली नाही, म्हणून तिच्यावर कारवाईही करता येत नाही, असा युक्तिवाद तेथे पूर्वापार केला जातो. तो आम्हांस पटत नाही. ज्या वाड्यांच्या प्रतिनिधींनी ती चालते ते वाडे विद्यापीठाला मान्य आहेत, त्यांच्या जमिनी विद्यापीठाच्या आहेत, त्यांचे पदाधिकारी विद्यापीठाच्या दफ्तरी नोंदलेले आहेत. ‘मशीन’च्या बैठकीला आपला प्रतिनिधी कोण जातो हे प्रत्येक वाड्याने दरवर्षी लेखी कळवावे आणि ती यादी मतदानापूर्वी ‘क्रिमसन व्हाइट’मध्ये छापावी, एवढे करण्यास विद्यापीठाला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.