इफ्तारच्या आधीचा तास

मागच्या रमजानमधली गोष्ट. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या अपघात विभागात एका बाईंना रिक्षातून आणलं. वय ५२, आठ वर्षांचा मधुमेह. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं विसंगत. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांतच त्या भानावर आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, ''अजान झाली का?''

घरात नऊ माणसं. दुपारी चारपासून त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि शेवटचा तास कढईसमोर, भजी आणि समोसे तळत. सहा वाजता हात कापायला लागले होते. ''थोडाच वेळ राहिला होता, मॅडम. तेवढ्यासाठी रोजा कसा मोडायचा?''

सरकारी रुग्णालयात पंचवीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगते. इफ्तारमध्ये काय खावं यावर पुष्कळ बोललं जातं. ते शिजवणारी बाईही रोजानेच असते, हे कुणाच्या ध्यानात नसतं. सध्याच्या ऋतूत आपल्याकडे रोजा साधारण तेरा तासांचा. दिवसभर पाणी नाही, यकृतातला साखरेचा साठा उतरत आलेला, आणि नेमक्या त्याच वेळी गॅसपुढे उभं राहायचं. त्यात या बाईंनी मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीसारखी सकाळी, म्हणजे सहरीला घेतली होती. या गटातल्या गोळ्या उपाशीपोटीही साखर खाली ओढतात. रमजानमध्ये मुख्य मात्रा इफ्तारकडे वळवावी लागते आणि सहरीची बहुधा कमी करावी लागते. हे ज्याने त्याने मनाने करायचं नाही. रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरकडे जायचं.

साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर घड्याळ न बघता रोजा सोडावा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक धर्माभ्यासक सांगतात. आजाऱ्याला रोजातून सूट खुद्द कुराणातच आहे. हे मी त्या बाईंना सांगितलं आणि त्या वर्षीचे उरलेले रोजे ठेवू दिले नाहीत. त्या रडल्या. मलाही बरं वाटलं नाही.

सून शेजारी उभी होती. तिने विचारलं, ''पण मॅडम, भजी नाही तर मग काय करायचं? घरचे म्हणतात, भज्यांशिवाय इफ्तार वाटतच नाही.'' प्रश्न रास्त होता. ''तळलेलं टाळा'' हे कागदावर लिहून देणं सोपं. त्या जागी ताटात काय ठेवायचं, ते आम्ही डॉक्टर क्वचितच सांगतो.

आम्ही दोघींनी मिळून विचार केला. अट एकच: शेवटच्या तासात गॅसपाशी उभं राहावं लागू नये. काळे चणे रात्री भिजत घालायचे, दुपारी कुकरला लावायचे. आयत्या वेळी कांदा, काकडी, टोमॅटो, लिंबू. यातली साखर रक्तात हळूहळू उतरते आणि पोटही भरतं. वड्यांची हौस असेल तर भिजवलेली मूगडाळ वाटून आप्पेपात्रात थेंब-थेंब तेलावर आप्पे करायचे, तेही दुपारीच. मग घट्ट दह्यात सोडायचे. दहीवड्याची चव जवळजवळ येते. (जवळजवळच. खोटं कशाला सांगू?)

तमिळनाडूत मशिदींमधून इफ्तारला नोंबू कंजी वाटतात. तांदूळ, मूगडाळ, मेथीदाणे, आलं-लसूण घालून केलेली पातळ पेज ती. आपल्याकडे तांदळाच्या कणीची सहज होते, आणि दिवसभराच्या रिकाम्या पोटाला भज्यांपेक्षा कितीतरी मानवते. जेवणासाठी सुनेनेच दालचा सुचवला: चणाडाळ, दुधी आणि थोडं मटण. मी फक्त तेल कमी करायला आणि भाताऐवजी ज्वारीच्या भाकरीशी खायला सांगितलं.

लाल सरबत मात्र मी काढूनच टाकलं. एका ग्लासात चार-पाच चमचे साखर सहज जाते. त्याऐवजी सब्जा घातलेलं लिंबूपाणी, मधुमेह असेल तर साखरेविना. फळं चिरून खावीत. रस नको, वरून साखर नको. खजूर? तो हवाच. एका लहान खजुरातही साधारण चमचाभर साखर असते, आणि मधुमेह्याने एकावर थांबावं.

परंपरेतच एक सोय आहे, तिचा उपयोग आपण करत नाही. खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, मगरिबची नमाज पढायची आणि मग जेवायचं. मधली ती पंधरा-वीस मिनिटं पोटाला फार मोलाची. अजान होताच सगळं ताट एकदम संपवलं की रात्री छातीत जळजळ, आणि साखर ३०० च्या घरात.

सहरीबद्दल एवढंच, की लोणचं-पापड टाळावं, नाहीतर दिवसभर तहान छळते. आणि सहरी चुकवू नये.

यंदा त्या बाई रमजानच्या दीड महिना आधीच ओपीडीत आल्या. गोळ्या बदलल्या, साखर महिनाभर ताब्यात राहिली, म्हणून या वेळी हो म्हटलं. दुपारी आणि संध्याकाळी पाच वाजता साखर तपासायच्या बोलीवर. परवा आल्या तेव्हा नातवाची तक्रारही घेऊन आल्या होत्या. त्याला आप्पे पटलेले नाहीत. म्हणून जुम्म्याच्या दिवशी घरात भजी होतात. कढईसमोर त्यांचा मुलगा उभा राहतो.