पाठराखीण प्रथिने

वैशाखातल्या भर दुपारी मोरजीच्या किनाऱ्यावर अनवाणी चालून पाहावे. शापोरा नदी जेथे समुद्राला मिळते त्या टोकापासून उत्तरेकडे पसरलेली ती वाळू तेव्हा अशी भाजत असते, की माणूस चार पावलांतच सुरूच्या सावलीकडे धाव घेतो. अंडी घालावयास येणारी कासवी अधिक शहाणी; ती रात्रीच्या गारव्यात येते, वाळूत खळगा करून अंडी पुरते आणि समुद्राकडे परतते. वाळूच्या टेकाडांवर पसरलेल्या मर्यादवेलीला मात्र यांतले काहीच शक्य नाही. मुळांनी जखडलेली ती वेल जागच्या जागी सारे ऊन सोसते, आणि सकाळी पुन्हा तिची जांभळट फुले उमललेली दिसतात.

हे सोसणे वनस्पतीच्या पेशीत कसे घडते, ती हकीकत मोठी मनोवेधक आहे. पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. परंतु तिला ठरावीक घडी पडली म्हणजेच ती कामाला येते. घडी पडताना पाण्याशी वैर असलेले, तेलकट स्वभावाचे भाग आत दडतात. उष्मा वाढला की घडी सैल होते, दडलेले भाग उघडे पडतात आणि शेजारच्या प्रथिनाच्या अशाच उघड्या भागांना चिकटतात. आपल्या स्वयंपाकघरात अंडे उकडताना हेच घडते. अंड्यातील पारदर्शक द्रव पांढरा व घट्ट होतो, आणि थंड केला म्हणून काही पुन्हा पातळ होत नाही. झाडाच्या पेशीत असे झाले तर तिचा कारभारच थांबावयाचा.

ही आपत्ती टाळणाऱ्या प्रथिनांना इंग्रजीत ‘शॅपरोन’ म्हणतात. तरुण मुलीबरोबर समारंभाला जाणारी प्रौढ स्त्री, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. आपल्या भाषेत याहून नेमका शब्द आहे, तो म्हणजे पाठराखीण. पाठराखीण नवरीचा संसार करीत नाही. पहिले काही दिवस ती सोबत राहते, आणि नवरी रुळली की आपल्या घरी परतते. रॉन लास्की यांनी १९७८ साली पेशीतील एका प्रथिनाला हा शब्द प्रथम लावला. १९८७ मध्ये जॉन एलिस यांनी त्याचा अर्थ विस्तारला, आणि त्यामागे एक वनस्पतीच होती. हवेतील कर्बवायू बांधून घेणारे ‘रुबिस्को’ हे पानांतील प्रथिन जुळून येण्यापूर्वी दुसऱ्या एका प्रथिनाशी संलग्न असते, असे त्यांच्या प्रयोगशाळेत वाटाण्याच्या हरितकणांत आढळले होते.

उन्हात धावून येणाऱ्या पाठराखिणींत सर्वांत लहान, पण संख्येने विपुल अशा प्रथिनांचा एक गट आहे. त्यांना लघु उष्माघात प्रथिने म्हणतात. गव्हातील अशा एका प्रथिनाची रचना २००१ साली उलगडली. बारा एकके सहा-सहांच्या दोन कड्यांत बसलेली, आणि प्रत्येकाला एक सैल, डुलणारा हात. उष्मा वाढला की ही कडी सुटतात, जोड्या मोकळ्या होतात, आणि त्यांचे स्वतःचे तेलकट भाग उघडे पडतात. घडी सुटू लागलेले आश्रित प्रथिन त्यांना चिकटते, म्हणजे एकमेकांना चिकटून गोळा व्हावयाचे वाचते.

आता प्रश्न असा, की पाठराखीण आश्रिताला धरते कोठे? कुलपाला एकच किल्ली, तशी एखादी ठरलेली जागा असेल, असे कोणासही वाटावे. ॲरिझोना विद्यापीठात एलिझाबेथ व्हियरलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटाण्याच्या अशा प्रथिनात ठिकठिकाणी प्रकाशाने चिकटणारे घटक बसवून ती जागा शोधली. २००९ साली प्रसिद्ध झालेले उत्तर वेगळेच निघाले. ठरलेली जागा अशी नाहीच. त्या सैल हाताचा स्पर्श सर्वाधिक. बाकीचे स्पर्श आश्रित बदलेल तसे बदलतात. ऐन वेळी कोणाची घडी सुटेल हे आधी ठाऊक नसताना ताठ, एकाच मापाचा हात काय कामाचा?

या प्रयोगांतील एक आश्रित होते काजव्याचे, त्याला प्रकाश देणारे प्रथिन. ते तापवले की प्रकाश मावळतो. वाटाण्याची पाठराखीण सोबत असली तरीही तो मावळतोच; ती घडी पुन्हा घालून देत नाही, केवळ धरून ठेवते. पुढे दुसऱ्या, मोठ्या पाठराखिणी पेशीतील ऊर्जा खर्चून त्याची घडी नीट करतात, तेव्हा प्रकाश परततो. (आपल्या डोळ्यांतील भिंगातही याच कुळातले एक प्रथिन आयुष्यभर राबत असते. भिंगातील प्रथिनांची गुठळी होणे म्हणजेच मोतीबिंदू.)

वनस्पतीला मात्र पूर्वसूचना लागते. थेट ४५ अंशांत ठेवलेली कोवळी रोपे मरतात. आधी दीड तास ३८ अंशांत ठेवली तर तगतात, कारण तेवढ्यात पाठराखिणींची फौज उभी राहते. गुठळी झालेली प्रथिने ओढून सोडवणारे १०१ क्रमांकाचे प्रथिन ज्या रोपांत नव्हते, ती अशी पूर्वतयारी करूनही वाचली नाहीत, असे २००० साली दिसून आले. त्याच प्रथिनाचे जनुक दिल्ली विद्यापीठातील अनिल ग्रोव्हर व सहकाऱ्यांनी बासमती भातात घातले, आणि २००३ साली ती रोपे उष्म्यातून अधिक चांगली सावरल्याचे नोंदवले.

रोप सावरले म्हणजे पीक हाती आले, असे मात्र नाही. मार्च २०२३ मध्ये उष्म्याच्या लाटेमुळे गोव्यात शाळा लवकर सोडाव्या लागल्या. पेडण्यात जेथे पाण्याची सोय आहे तेथे वायंगणचे भात होते, आणि ते फुलोऱ्यावर येते तो काळही ऊन तापू लागण्याचाच. भाताचे फूल सकाळी जेमतेम तासाभरापुरते उघडते. त्या वेळी हवा ३५ अंशांच्या पुढे गेली तर परागकण निकामी होऊ लागतात. पानात पाठराखिणींची एवढी गर्दी. पण अनेक वनस्पतींच्या पक्व परागकणांना ही प्रथिने फारशी निर्माण करता येत नाहीत. त्यामुळे शेत हिरवेगार दिसते, आणि लोंबीत दाणे पोचट निघतात. माझ्या मते खरी अडचण येथे आहे. पानाला अधिक कणखर करून ती सुटणारी नव्हे. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एका रानटी भाताचा गुण लागवडीच्या भातात आणून पाहिला आहे. त्या भाताचे फूल पहाटेच्या गारव्यात उघडते, आणि ऊन चढण्यापूर्वी मिटून जाते.